जुन्या .३१५ रायफलीची नळी बदलावी का? (सत्तरी, गोवा)

कुळागरवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथे सैन्यातून निवृत्त झालेले आणि कायदा जाणणारे लोक आहेत, म्हणून धागा काढतोय.

आमचं कुळागर वाळपईच्या वरच्या अंगाला, रानाला लागूनच. सुपारी, केळी, मिरी, वरच्या भाटात काजू. रानडुकरांचा आणि माकडांचा त्रास काय असतो तो इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. वडिलांकडे पीक संरक्षणाचा परवाना होता आणि त्यावर इशापूर कारखान्याची .३१५ बोल्ट अ‍ॅक्शन रायफल. वडिलांनी वयाची सत्तरी ओलांडल्यावर अर्ज करून परवाना रीतसर माझ्या नावावर झाला. कागदपत्रं सगळी चोख आहेत, तेव्हा त्यावरून कोणी सुरू होऊ नका.

अडचण नळीची. बोल्ट काढून मागून बॅटरी मारली की आत चकाकी दिसतच नाही, काळपट, मधे मधे खड्डे. वडिलांच्या हातात ती जिथे धरली तिथे लागायची. आता मातीच्या बांधाला कागद लावून पाहिला तर गोळ्या ताटाएवढ्या जागेत विखुरतात, पन्नास मीटरवरून.

अमेरिकेतला माझा मावसभाऊ म्हणतो, नळी बदल, संध्याकाळपर्यंत होणारं काम आहे. त्याने स्वतःच्या स्वस्तातल्या रायफलीची घरच्या गॅरेजमध्ये बदलली. आपल्याकडे हे शक्य आहे का? कोणी केलंय का?

काजूफेणी

सत्तरीतल्या माणसाला सत्तरीचा नियम लागू झाला म्हणायचा. हलकेच घ्या.

नळीचं मला काही कळत नाही, पण ताटाएवढ्या जागेत म्हणजे डुकराला लागेलच की. डुक्कर ताटापेक्षा मोठं असतं.

वकीलबाई_डिचोली

काजूफेणी, तुमचा विनोद कोणी खरा धरला तर पंचाईत होईल, म्हणून आधीच लिहिते. पीक संरक्षणाचा शस्त्रपरवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. हे दोन कायदे वेगळे. रानडुक्कर हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूचीत आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबद्दल कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात नसेल तर बंदुकीचा उपयोग आवाज करून हाकलण्यापुरता. गवा तर अनुसूची १ मध्ये, शिवाय आपला राज्यप्राणी.

धागाकर्त्यांना दुसरी सूचना. कागद लावून पाहिला वगैरे जाहीर लिहिण्याआधी परवान्यावर हेतू आणि क्षेत्र काय लिहिलंय ते वाचा. पीक संरक्षण आणि नेमबाजीचा सराव या वेगळ्या नोंदी आहेत.

नळीबद्दल रात्री सविस्तर लिहिते, आता कोर्टात आहे.

कुळागरवाला

ताई, समजलं. डुक्कर मारायचा विषयच नाही, वनखात्याकडे अर्ज वेगळा चालू आहे. मला फक्त रायफल ठीक करायची आहे. बिघडलेलं हत्यार घरात ठेवणं मला पटत नाही.

पेडण्याचा_पेनसिल्व्हेनियात

मीच तो मावसभाऊ. दादाने माझं नाव काढलंच आहे तर नीट सांगतो, नाहीतर लोकांना वाटायचं मी गॅरेजात बंदुका बनवतो.

इथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणाचा रायफल सीझन सुरू होतो आणि माझ्या कामावरचे निम्मे लोक गायब असतात. मी त्यांच्या नादाने शिकलो. वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्या दुकानातून जुनी सॅव्हेज अ‍ॅक्सिस घेतली, .३०८ ची. इथल्या सगळ्यात स्वस्त बोल्ट अ‍ॅक्शनपैकी एक. प्लॅस्टिकचा दस्ता, हाताने दाबला तर वाकतो. आधीच्या मालकाने ती ओली तशीच केसमध्ये ठेवलेली असणार, नळीत गंजाचे खड्डे होते. म्हणून तर स्वस्त मिळाली.

सॅव्हेजची गंमत तिच्या नटमध्ये आहे. १९५८ ला त्यांनी मॉडेल ११० काढलं तेव्हापासून नळी आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला सांगाडा) यांच्या सांध्यावर एक मोठा नट असतो. नळीला लांब आटे असतात. नळी रिसीव्हरमध्ये हवी तितकी आत फिरवायची आणि नटने त्या जागी आवळून टाकायची. आता रुगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रियट या स्वस्तातल्या रायफलींनीही हाच मार्ग धरलाय, कारण कारखान्यालाही तो स्वस्त पडतो. उलट रेमिंग्टन ७०० सारख्या रायफलीत नळीला खांदा असतो आणि तो रिसीव्हरला टेकेपर्यंतच ती आत जाते. म्हणजे चेंबर (काडतूस बसतं ती जागा) किती खोल हवं ते आधी लेथवर ठरवावं लागतं. ते गनस्मिथचं काम.

कामाला लागलं ते असं: नळी पकडायला व्हाइस आणि त्यात लाकडी ठोकळे, नटचा खास पाना, नवी आयती चेंबर केलेली नळी, आणि चेंबरची खोली तपासायची दोन गेज. कारखान्याचा नट हलता हलत नाही. आत झिरपणारं तेल रात्रभर मुरवून ठेवलं आणि मग पान्याच्या दांड्याला पाइप जोडला तेव्हा कुठे सुटला.

खरं काम गेजचं. एक 'गो' आणि एक 'नो-गो'. .३०८ च्या 'गो'चं माप १.६३० इंच, 'नो-गो'चं १.६३४. फरक चार हजारांश इंचाचा, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. बोल्टमधला इजेक्टर आणि एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून बाहेर फेकणारे भाग) काढून ठेवायचा, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने हाताला खोटं कळतं. 'गो' चेंबरमध्ये ठेवून बोल्ट बंद करायचा आणि नळी त्याला टेकेपर्यंत फिरवत आणायची. नट आवळायचा. मग 'गो'वर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि 'नो-गो'वर बंद होता कामा नये. नट आवळताना आट्यांतली सैल जागा भरून नळी किंचित सरकते, त्यामुळे आवळल्यावर पुन्हा मोजणं आलंच.

अ‍ॅक्सिसमध्ये एक सोय अशी की रिकॉइल लग (बाराचा धक्का दस्त्यावर देणारा तुकडा) दस्त्यात बसवलेला असतो. ११० मध्ये तो नट आणि रिसीव्हरच्या मधे वॉशरसारखा येतो, तो सरळ रेषेत धरून ठेवण्याची कसरत वेगळी.

खर्चाचं विचाराल तर नळी आणि हत्यारं मिळून जवळपास नव्या अ‍ॅक्सिसच्या किमतीला पडलं. बायकोने हे तेव्हाच सांगितलं होतं.

लेथमास्तर_कुडचडे

व्वा. आयुष्य लेथवर गेलं, खाणीच्या वर्कशॉपात, पण नटवर नळी हे प्रकरण माहीत नव्हतं. रोचक.

एक शंका. हेडस्पेस म्हणजे काडतूस आणि बोल्ट यांच्यातली फट असं मी समजतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाने खरंच एवढा फरक पडतो?

पेडण्याचा_पेनसिल्व्हेनियात

मास्तर, बरोबर समजलात. बोल्ट बंद असताना काडतुसाला मागेपुढे व्हायला जी जागा उरते ती. ती जास्त झाली तर बार उडताना पितळी केस पुढे चिकटून बसते आणि बूड मागे ताणलं जातं. जास्तच झालं तर केस बुडाशी तुटते आणि तापलेला वायू बोल्टच्या बाजूने तोंडाकडे येतो. जागा फार कमी असेल तर बोल्टच लागत नाही, किंवा जोर लावून लावला तर दाब भलतीकडे चढतो. दहावा भाग ही 'आता थांब' म्हणायची रेघ आहे, तिथेच काही फुटत नाही. पण डोळ्यांना ती दिसत नाही, म्हणून गेज.

निवृत्त_आर्मरर

सांग्याचा. सैन्याच्या ईएमई या दुरुस्ती दलात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. ली-एनफिल्डच्या जातीची हत्यारं भरपूर हाताळली आहेत, इशापूरची ७.६२ ची २ए१ सुद्धा. म्हणून थोडं लांब लिहितो.

कुळागरवाला बाब, तुमची .३१५ ही मूळ ली-एनफिल्डच्याच घडणीची आहे. इंग्रजांनी सैन्याचं .३०३ काडतूस नागरिकांच्या हाती जाऊ नये म्हणून .३१५ पुढे आणलं. ते ऑस्ट्रियन ८ मिमी मॅनलिखरच्या काडतुसाच्या घराण्यातलं, बुडाला कड असलेलं. .३०३ आजही आपल्याकडे प्रतिबंधित बोरमध्ये (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) मोडते आणि .३१५ बिगरप्रतिबंधितमध्ये.

तुमच्या भावाची पद्धत तुमच्या रायफलीला लागू नाही. इथे नट नाही. नळी रिसीव्हरमध्ये घट्ट आवळलेली असते. ती पूर्ण आवळल्यावर चेंबरच्या वरचा सपाट भाग बरोबर वर आला पाहिजे, कारण पुढची माशी (नेम धरायची खूण) त्याच हिशेबाने उभी राहते, आणि एक्स्ट्रॅक्टरची खाचही जागेवर आली पाहिजे. नवी नळी हाताने फिरवली की थोडी अलीकडे थांबते, उरलेलं वळण जोराने द्यायचं. ते कमी निघालं तर नळी सैल, जास्त निघालं तर खांदा घासावा लागतो. यासाठी रिसीव्हर धरणारा खास साचा लागतो. साध्या पान्याने रिसीव्हर पिरगळला की हत्यार संपलं.

हेडस्पेसही वेगळं. .३०८ मध्ये ते काडतुसाच्या खांद्यावरून धरतात, .३१५ मध्ये बुडाच्या कडेच्या जाडीवरून. आणि ते जुळवायचं नळी मागेपुढे करून नव्हे, बोल्टचं डोकं बदलून. ली-एनफिल्डच्या बोल्टचं डोकं वेगळं निघतं. नंबर ४ रायफलीच्या डोक्यांवर ० ते ३ असे आकडे असत, जुन्या नंबर १ च्या डोक्यांवर आकडे नसत, मोजून निवडावी लागत. म्हणून कोणी दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घालून देतो म्हणाला तर हात जोडा.

पण हे सगळं नंतर. मला मुळात नळीवर संशय नाही. निदान आधी नाही.

पहिला प्रश्न: गोळ्या कागदावर गोल भोक पाडतात की लांबट? आडव्या होऊन लागत असतील तर नळीतले पेच (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) संपलेत, बोलणं खुंटलं. गोल भोक पाडून पसरत असतील तर रोग दुसरीकडे असू शकतो.

दुसरा: हा कागद पावसाळ्यात लावला होता की उन्हाळ्यात? या रायफलीचं पुढचं लाकूड नळीला कुठे टेकतं आणि कुठे नाही यावर निशाणा अवलंबून असतो. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने लाकूड पाणी पितं, फुगतं, नळीला बाजूने ढकलतं. आम्ही पावसाळी छावणीत हे दरवर्षी बघायचो. स्क्रू सैल असेल तर आणखी.

तिसरा: नळीचं तोंड. वडील साफ कशाने करत? पुल-थ्रूने असेल तर दोरी दरवेळी एकाच बाजूला घासून तोंडाशी खाच पडते. बाहेर पडताना गोळीला शेवटचा स्पर्श तिथला. तिथे एका बाजूने झीज असेल तर आतली नळी नवी असूनही निशाणा बिघडतो. अंगठ्याच्या नखाने फिरवून बघा, कडा सगळीकडे सारखी लागते का.

चौथा, खड्ड्यांचा. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाल्यावर त्याचं क्षार नळीत राहतं, मिठाच्या भावंडासारखं. ते हवेतलं पाणी ओढतं. गोव्याच्या हवेत ते काय करत असेल त्याचा विचार करा. आणि ते तेलात विरघळत नाही. वडिलांनी मनापासून तेल लावलं असेल तरी खाली मीठ बसलेलंच. त्यावर उपाय पाण्याचा. बार काढल्यावर त्याच दिवशी चेंबरकडून उकळतं पाणी ओतायचं, चिंदीने कोरडी करायची, मग तेल. नळी गरम झाल्यामुळे उरलेलं पाणीही उडून जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंदी फिरवायची. इंग्रजांच्या काळापासून पलटणीत हेच चालत आलं.

खड्डे थोडे असतील तर नळी साफ करून बघा. खड्ड्यांच्या नळीनेही ठीक मारणाऱ्या रायफली मी पाहिल्या आहेत. त्या लवकर घाण होतात, एवढंच.

काजूफेणी

दंडवत, आर्मरर साहेब. हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. माझ्याकडे बंदूक नाही तरी.

कुळागरवाला

आर्मरर काका, कागद जुलैत लावला होता. भोकं गोल होती. बाकीचं उद्या उजेडात बघून सांगतो. वडील पुल-थ्रूच वापरायचे, पितळी वजनाची दोरी, आजही पेटीत आहे.

मधल्या काळात एक विचार आला. भाऊ डिसेंबरात गावी येतोय. नळी तिथून बॅगेतून आणली तर? नुसता लोखंडी पाइपच ना तो.

वकीलबाई_डिचोली

नाही. नाही. आणि नाही.

हा प्रतिसाद नीट वाचा, कारण असं करून लोक विमानतळावर अडकतात. शस्त्र कायदा १९५९ च्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही बंदुकीतच येतात. म्हणजे नळी हेही शस्त्रच. परदेशातून आणायची तर कलम १० चा आयात परवाना हवा. तो नसताना बॅगेत सापडली तर पाइप आहे हे सांगून सुटका नाही. अमेरिकेतूनही नळी बाहेर न्यायला तिथल्या सरकारचे निर्यात नियम आहेत, त्याचं भावाने बघावं.

आता काल राहिलेलं. नळी बदलणं, दुरुस्ती, चाचणी ही कामं करायला कलम ५ प्रमाणे परवाना लागतो. तुमचा परवाना बाळगण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही. म्हणून घरी, गावच्या लोहाराकडे किंवा ओळखीच्या वर्कशॉपात काम करून घेणं नको. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच. लेथमास्तर, तुम्हालाही हे लागू आहे, कितीही चांगला हात असला तरी.

कलम ६ मध्ये नळी आखूड करायलाही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका प्रकारचं शस्त्र दुसऱ्या प्रकारात बदलणंही त्यात आलं. म्हणजे '.३१५ ची नळी मिळत नाही तर दुसऱ्या बोरची घालू' हा मार्गही बंद. आर्मररनी सांगितलेली तोंडाशी झीज निघाली आणि दुरुस्ती करणारा म्हणाला थोडं कापून सरळ करू, तर काम सुरू होण्याआधी परवाना शाखेत लेखी विचारा. दोन मिलिमीटर कापलं तर ते आखूड करणं होतं का यावर वाद घालायची वेळ कोर्टात येऊ देऊ नका.

हत्यारावरचे क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकांशी जुळतात का तेही पाहून घ्या. या रायफलींवर रिसीव्हर, नळी, बोल्ट अशा ठिकाणी क्रमांक ठोकलेले असतात. नळी बदलली तर ते कोडं उभं राहणारच, म्हणून आधी उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोच घ्या, मग हात लावा.

पेडण्याचा_पेनसिल्व्हेनियात

दादा, मी काहीही आणणार नाही. आई मला आणि तुला दोघांनाही ठोकेल.

वकीलताईंचं वाचून एक फरक जाणवला. इथे केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने रिसीव्हर म्हणजे बंदूक, क्रमांकही त्याच्यावर. नळी हा नुसता सुटा भाग, कुरियरने घरी येते, सही घेत नाहीत. मी त्या सवयीने बोललो. तिकडचं गणित वेगळं आहे हे मान्य.

म्हादई_पाखरू

मी बंदुकांच्या विरोधात आहे हे आधी सांगून टाकते. तरी एक प्रामाणिक प्रश्न. कुळागरात रायफल लागते कशाला? रायफलीची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. सत्तरीत एका वाड्यापासून दुसरा वाडा तेवढाही लांब नसतो. रात्री काजूच्या बनात कोण आहे, जनावर की काजू वेचायला आलेलं माणूस, हे कसं कळतं?

निवृत्त_आर्मरर

पाखरू बाय, प्रश्न योग्य आहे, यात विरोध कसला. मला कोणी विचारलं असतं तर पीक राखायला बारा बोर सुचवली असती. छर्रा लवकर जमिनीवर येतो. रायफल चालवायची तर गोळीच्या मागे मातीचा डोंगर हवाच, आणि अंधारात आवाजाच्या दिशेने बार काढणारा माणूस माझ्या दृष्टीने परवान्याला नालायक. पण परवाना वडिलोपार्जित आहे, हत्यार त्यावर चढलेलं आहे. तेच नीट ठेवायला सांगतोय.

कुळागरवाला

पाखरू ताई, आमच्या मागे चढच आहे आणि रात्री आम्ही पत्र्याचे डबे वाजवतो, बार काढत नाही. पण तुमचं म्हणणं घरातलेही म्हणतात.

सौर कुंपणाला कृषी खात्याचं अनुदान आहे, त्याचा फॉर्मही आणलाय. माकडांना ते अडवत नाही एवढीच खंत. ती वरून येतात.

काजूफेणी

अवांतर: माकडांवर उपाय सापडला तर वेगळा धागा काढा, मी स्वतः सत्यनारायण घालीन. शहाळी खाऊन कवट्या आमच्याच कौलांवर फेकतात.

संपादक

माकडांसाठी वेगळा धागा काढावा. डुकराच्या मटणाच्या पाककृतीचे दोन प्रतिसाद काढले आहेत, त्याही वेगळ्या विभागात. इथे विषय नळीचा.

कुळागरवाला

काका, सांगितल्याप्रमाणे बघितलं.

नळीचं तोंड: नख फिरवलं तर खालच्या डाव्या बाजूला गुळगुळीत खोलगट लागतं, बाकी कडा धारदार आहे. भिंगाने पाहिल्यावर स्पष्ट दिसलं.

लाकूड: नळी आणि लाकडाच्या मधे कागदाची पट्टी सरकवली. उजवीकडे सहज जाते, डावीकडे अर्ध्यावर अडकते. पुढचा स्क्रू हाताने फिरण्याइतका सैल.

आतली नळी: गरम पाणी ओतलं, चिंद्या एकामागून एक काळ्या, मग तपकिरी. आता बॅटरीने पेच दिसतात. चेंबरच्या पुढे खड्डे आहेत, पण पुढच्या अर्ध्यात बऱ्यापैकी चांगली आहे.

निवृत्त_आर्मरर

मग रोग सापडला. आधी लाकूड. पाऊस संपून हवा कोरडी होऊ द्या. स्वतः पॉलिश पेपर घेऊन बसू नका. या जातीच्या रायफलीत मागच्या बाजूला लाकूड रिसीव्हरला घट्ट भिडलेलं हवं, तिथला अर्धा मिलिमीटर जास्त गेला तर दर बाराला रायफल लाकडात मागे सरकते आणि पुढे सगळं बिघडतं. दुरुस्ती करणाऱ्याला अडकणारी जागा दाखवा. तोंडाची कडा शेवटी. लाकूड बसवून, स्क्रू आवळून गोळ्या जुळल्या तर तोंडाला हातही लावू देऊ नका.

पुल-थ्रूची दोरी टाकून द्या. चेंबरकडून जाणारा, आवरण असलेला एकसंध रॉड वापरा.

आणि नळी बदलायचा विचार डोक्यातून काढा. सुटी .३१५ ची नळी मी तरी कुठल्या दुकानाच्या फळीवर पाहिली नाही. इशापूरचा कारखाना २०२१ च्या ऑक्टोबरपासून आयुध निर्माणी मंडळातून निघून अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीत आहे. नळी बदलायचीच झाली तर तिथूनच, दाबाच्या चाचणीसकट, हाच रस्ता मला विश्वासाचा वाटतो.

लेथमास्तर_कुडचडे

वकीलबाईंचं मान्य करून फक्त धातूचं बोलतो. तोंडाची कडा सरळ करायची झाली तर हाताने कानस मारून होत नाही. नळीच्या आतल्या भोकाला मध्य धरूनच फिरवावी लागते, बाहेरच्या गोलाईला धरून नव्हे. जुन्या नळ्यांत आतला आणि बाहेरचा मध्य एक असेलच असं नाही. परवानाधारकाकडे गेलात तरी हे विचारा. तो बाहेरून पकडतो म्हणाला तर रायफल परत घेऊन या.

पेडण्याचा_पेनसिल्व्हेनियात

मास्तर, अगदी हेच. इथे चांगला गनस्मिथ नळीच्या भोकात बसणारा पायलट घालून तोंड कापतो. आणि नव्या नळीच्या मानाने ते काम फारच स्वस्त. मला आधी हा धागा वाचायला मिळाला असता तरी माझी नळी बदलावीच लागली असती, पण शेजारच्या काकांनी निशाणा बिघडला म्हणून नवी रायफल घेतली, त्यांच्या दुर्बिणीचे स्क्रू सैल होते हे नंतर कळलं.

वकीलबाई_डिचोली

निवडणुका आल्या की हत्यारं जमा करायचा प्रश्न येतोच, म्हणून आत्ताच सांगते. जमा करण्यातून सूट हवी असेल तर छाननी समितीसमोर कारण मांडता येतं, पीक उभं असणं हे सांगण्याजोगं कारण आहे. अर्ज वेळेत करा. जमा करावीच लागली तर नळीत आणि बोल्टला जाड तेल लावून, चेंबर रिकामं दाखवून द्या, आणि पावतीवर हत्याराची अवस्था लिहून घ्या. ती कपाटात किती महिने राहील ते आपल्या हातात नसतं.

कुळागरवाला

सगळ्यांचे आभार. परवाना शाखेत दुरुस्तीसाठी अर्ज दिला, पोच मिळाली. दुरुस्तीवाल्याला फोनवर मास्तरांचा प्रश्न विचारला, तो म्हणाला भोकावरूनच मध्य धरतो, पण आधी लाकूड बघूया. काका, तुमचंच बोलणं त्याच्या तोंडून ऐकलं.

एकच राहिलं. पेटीत वडिलांची जुनी काडतुसं आहेत, पितळेवर हिरवट डाग आलेली. ती वापरावीत का?

निवृत्त_आर्मरर

वापरू नका. पण फेकूही नका, जाळू तर नकाच. हिरवट डाग म्हणजे पितळ खाल्लं गेलंय, केस कुठे पातळ झाली ते बाहेरून कळत नाही. परवान्यावरच्या काडतुसांच्या नोंदीशी संख्या जुळवा आणि पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे लेखी जमा करा. पावती घ्या.

काजूफेणी

माकडांचा धागा काढलाय. तिकडे या.